‘लोक’ म्हणजे नेमके कोण?

‘लोककला’ हा शब्द आपल्याकडे फार सोवळा करून वापरला जातो. त्यातल्या ‘लोकां’ना जात नसते. ते वेशीच्या आत राहतात की बाहेर, कुणापुढे वाकतात, हे विचारायचे नसते. या उन्हाळ्यात एका शहरातील मैदानावर भरलेल्या लोकसंगीत महोत्सवात मी सकाळपासून रात्रीपर्यंत बसलो आणि हे सोवळेपण दिवसभर पाहिले.

वादनाविषयी माझी तक्रार नाही. भर दुपारी हलगीवाले उभे राहिले. एरवी जाळावर शेकावे लागणारे कातडे त्या दिवशी उन्हानेच ताणले होते. टिपरू आणि बारीक काडी पडताच मांडवातले पेंगुळलेले रसिक ताठ बसले. गोंधळ्यांचे संबळही तसेच कसदार होते. पण निवेदक ‘मातीचा गंध’ आणि ‘आपला वारसा’ यांपलीकडे गेला नाही. ही हलगी पिढ्यान्‌पिढ्या मातंगांच्या हातात का राहिली, तिचे कातडे कमावणारे कोण, हे त्याने सांगितले नाही. वादकांची नावेसुद्धा घेतली नाहीत. रसिकांना मांडव होता; वादक ट्रकच्या सावलीत बसून होते.

सायंकाळी पोतराज आला. त्याने अंगावर आसूड ओढला आणि टाळ्या पडल्या. मग वाघ्या-मुरळी. मुरळी म्हणजे खंडोबाला वाहिलेली मुलगी. या प्रथेविरुद्ध शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली सुरू केलेल्या ‘सोमवंशीय मित्र’मधून आवाज उठवला. देवाला मुली वाहण्याविरुद्ध १९३४ चा कायदा असूनही महाराष्ट्राला २००५ साली पुन्हा कायदा करावा लागला. ज्या जखमेविरुद्ध आमच्या माणसांनी शंभर वर्षे झगडा केला, ती येथे रंगीत दिव्यांत ‘परंपरा’ म्हणून मिरवत होती. दुःखाचे सौंदर्य झाले की त्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

आणि आंबेडकरी जलसा? तो कार्यक्रमपत्रिकेत नव्हताच. एका संयोजकाला विचारले तर म्हणाले, तो प्रचार आहे. म्हणजे देवीची स्तुती ही कला आणि माणुसकीची मागणी हा प्रचार! वस्तुतः तमाशाची खरी समीक्षा पहिल्यांदा जलसाकारांनीच केली. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढोलकी ठेवली, चाली ठेवल्या, लाचारी काढून टाकली. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी गावोगाव फिरून तेच काम गाण्यातून केले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा याच मुशीत कामगारांचा प्रश्न ओतला. परंपरेतले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे ती सोसणाऱ्यांनी ठरवले. महोत्सववाल्यांना नेमका हाच निवाडा नको आहे.

आपल्यालाही एका प्रश्नाला सामोरे जावे लागेल. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक गावांत महारांनी देवाच्या पालखीपुढे वाजवणे सोडले. ते योग्यच होते. ती कला म्हणून मागितलेली नव्हती, गावकीचे काम म्हणून लादलेली होती. नकार दिल्यावर बहिष्कार आले, यावरूनच ते सिद्ध होते. मग आज हलगी टाकावी काय? मला तसे वाटत नाही. वाद्याला जात नसते. ते वाजवायला लावणाऱ्या व्यवस्थेला असते. त्याच हलगीवर मोर्चाही निघतो.

म्हणून कुठल्याही महोत्सवाला आपण साधे प्रश्न विचारावेत. वादकाचे नाव पत्रिकेवर आहे काय? मानधन त्याच्या हाती किती पडते? जलशाला मंच आहे काय? आणि शेवटी, गावात त्याच वादकाला ‘आज वाजवणार नाही’ असे म्हणता येते काय? जेथे म्हणता येते तेथे ती कला. जेथे येत नाही तेथे ती वेठच, मग तिच्यावर कितीही दिवे सोडा.