तेजस्विनी, गोसीखुर्द आणि परकीय विकासनिधीची वाट : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

गरीब देशांतील विकासप्रकल्पांना आंतरराष्ट्रीय संस्था जो अर्थपुरवठा करतात, त्याविषयी मराठीत होणारी चर्चा बहुधा दोन टोकांची असते. एका मते परकीय कर्ज ही मागास भागाला मिळालेली संधी होय. दुसऱ्या मते तो आर्थिक पारतंत्र्याचा नवा अवतार होय. या दोन्ही मतांमागे एक समान गृहीत आहे. वॉशिंग्टनहून किंवा रोमहून निघालेला पैसा तसाच्या तसा गावात पोहोचतो, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. प्रत्यक्षात हा पैसा अनेक खात्यांतून फिरतो, वाटेत त्याच्या अटी बदलतात आणि गावात पोहोचेपर्यंत त्याचे स्वरूपच वेगळे झालेले असते. भंडारा जिल्ह्यातील एका कार्यक्रमाच्या आधारे ही वाट तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कर्ज कोणी घेतले, कोणाला मिळाले

आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी, म्हणजेच इफाड, ही संयुक्त राष्ट्रसंघाच्या परिवारातील रोमस्थित संस्था होय. १९७४ च्या जागतिक अन्न परिषदेनंतर, १९७७ साली तिची स्थापना झाली. ग्रामीण दारिद्र्यावर काम करणाऱ्या प्रकल्पांना सवलतीचे कर्ज देणे हे तिचे मुख्य कार्य. डिसेंबर २००५ मध्ये या संस्थेने महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन राज्यांसाठी तेजस्विनी ग्रामीण महिला सक्षमीकरण कार्यक्रमास कर्ज मंजूर केले. २००७ मध्ये तो कार्यान्वित झाला आणि २०१८ पर्यंत चालला. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे १९७५ या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात स्थापन झालेल्या माविमने, तो राबविला. मुंबई वगळता राज्यातील सर्व जिल्हे त्यात होते. भंडाराही त्यात होता.

मूळ मंजुरीनुसार कार्यक्रमाचा एकूण खर्च दोन्ही राज्ये मिळून २०० दशलक्ष डॉलरहून अधिक होता. इफाडचे कर्ज त्यात सुमारे ३९ दशलक्ष डॉलरचे, म्हणजे एक पंचमांशाच्या आसपास. उरलेल्या रकमेतील सर्वांत मोठा वाटा देशातील बँकांनी बचत गटांना द्यावयाच्या कर्जाचा होता. म्हणजे ज्या कार्यक्रमाला सर्वत्र 'इफाडसाहाय्यित' म्हटले गेले, त्यातील बहुतांश पैसा भारतीय ठेवीदारांचा होता. रोमचा पैसा मुख्यतः गट बांधणे, प्रशिक्षण देणे, सहयोगिनींचे मानधन, लोकसंचालित साधन केंद्रांची उभारणी आणि संनियंत्रण यांवर खर्च झाला.

यात गैर काही नाही. उलट हे काम बँक कधीच करत नाही. साकोली किंवा लाखांदूर तालुक्यातील दहा-बारा बायकांनी एकत्र बसून हिशेबाची वही ठेवायला शिकावे, यासाठी कोणती व्यापारी बँक पदरमोड करील? पण ज्याला 'विकासाचे भांडवल' म्हटले जाते ते येथे भांडवल नव्हते, तर भांडवल मागण्याची पात्रता निर्माण करण्याचा खर्च होता. हा भेद अहवालांतून पुसला जातो.

स्वस्त कर्ज, महाग पैसा

इफाडच्या त्या काळातील अतिसवलतीच्या कर्जाच्या अटी लक्षणीय आहेत. मुदत चाळीस वर्षांची, त्यांतील पहिली दहा वर्षे परतफेड नाही, व्याज नाही. केवळ पाऊण टक्का सेवाशुल्क. हे कर्ज भारत सरकार घेते आणि राज्याकडे सोपविते. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर, एप्रिल २००५ पासून, असे कर्ज सर्वसाधारण गटातील राज्यांना मूळ अटींवरच दिले जाऊ लागले. त्यापूर्वी केंद्र त्याचे सत्तर टक्के कर्ज व तीस टक्के अनुदान असे रूपांतर करीत असे आणि विनिमयदराचा धोका स्वतःकडे ठेवीत असे. नव्या पद्धतीत सवलत राज्याला मिळाली आणि धोकाही राज्याच्या माथी आला.

या धोक्याचे मोल ढोबळमानाने काढता येते. २००५ साली एका डॉलरला सुमारे पंचेचाळीस रुपये पडत; २०२४ मध्ये त्र्याऐंशीहून अधिक पडू लागले. इफाडचे कर्ज विशेष आहरण हक्कांत मोजले जात असले, तरी डॉलरवरून अंदाज बांधल्यास रुपयाच्या घसरणीने या कर्जावर वर्षाला तीन-साडेतीन टक्क्यांचा भार चढतो. पाऊण टक्क्याचे कर्ज मग चार टक्क्यांच्या घरात जाते. तरीही ते स्वस्तच राहते.

आता वाटेचे दुसरे टोक पाहावे. बँकेने बचत गटाला दिलेल्या कर्जाचा दर त्या काळात साधारणपणे दोन आकडी होता. गट आपल्या सभासद स्त्रीला अंतर्गत कर्ज देताना बहुधा शेकडा दोन रुपये दरमहा आकारतो, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. या रकमेतील फरक गटातच राहतो, गटाचा निधी वाढवितो, आणि सावकाराच्या किंवा सूक्ष्म वित्त कंपनीच्या दरापेक्षा तो बरा, हे खरेच आहे. परंतु राज्याच्या तिजोरीला मिळालेली सवलत तिजोरीच्या दारातच थांबली, हेही तितकेच खरे. गरिबांच्या नावाने घेतलेल्या कर्जाची सवलत गरिबांपर्यंत व्याजदराच्या रूपाने पोहोचावी, अशी तरतूद कार्यक्रमाच्या रचनेत नव्हती. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाखाली गटांना व्याजसवलत देण्याची केंद्राची योजना २०१३ मध्ये आली, ती देशाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातून. ज्या सवलतीची अपेक्षा रोमकडून होती, ती दिल्लीने दिली!

आणखी एक बाब तांत्रिक वाटली तरी महत्त्वाची आहे. अशा कर्जाची रक्कम बहुतांशी प्रतिपूर्तीच्या पद्धतीने मिळते. राज्याने आधी अंदाजपत्रकातून खर्च करावयाचा, त्याची विवरणपत्रे सादर करावयाची आणि मग परकीय निधीतून भरपाई मागावयाची. त्यामुळे जिल्हा कार्यालयाला वेळेवर पैसा मिळणे हे रोमच्या औदार्यावर नव्हे, तर मंत्रालयातून तरतूद केव्हा सुटते यावर अवलंबून असते.

धानाचा हंगाम आणि महिन्याचा हप्ता

भंडारा हा धानाचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यावर उरलेल्या सात तालुक्यांतही, काही सिंचित पट्टे सोडले, तर कुटुंबाचा पैसा वर्षातून एकदाच हाती येतो. मृगापासून रोवणीपर्यंत पैसा जातो. धान विकून तो परत येतो तो दिवाळीनंतर. अधल्यामधल्या काळात मजुरी, उन्हाळ्यात तेंदूपाने व मोह, कुठे विडीकाम, तलावांच्या काठी ढिवरांची मासेमारी, मोहाडी-पवनी भागात कोशाचे विणकाम, अशा किरकोळ मिळकतीवर घर चालते.

बचत गटाची शिस्त मात्र महिन्याची आहे. दरमहा बचत, दरमहा बैठक, दरमहा हप्ता. पगारदाराला किंवा रोज दूध घालणाऱ्या कुटुंबाला ही लय सहज साधते. धानउत्पादक घराला श्रावण-भाद्रपदात ती जड जाते. शेतीसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता मग शेतीतून न जाता बाईच्या मजुरीतून जातो. अशा वेळी परतफेडीचे उच्च प्रमाण, जे या कार्यक्रमांच्या यशाचा पहिला पुरावा म्हणून सांगितले जाते, नेमके कशाचा पुरावा ठरते? व्यवसाय नफ्यात चालला याचा, की गटातील शेजारणींपुढे मान खाली जाऊ नये म्हणून तिने पोटाला चिमटा घेतला याचा? आकड्यांत हा फरक दिसत नाही. गटांची प्रतवारी नोंदींची नियमितता, उपस्थिती, बचत व परतफेड यांवरून होते. हप्ता कोणत्या मिळकतीतून भरला, याला प्रतवारीच्या तक्त्यात रकाना नाही. तो रकाना घालणे अवघड नव्हते. पण कर्ज देणारी संस्था जे विचारते तेच नोंदले जाते.

याचा अर्थ तेजस्विनी निष्फळ ठरली, असा नव्हे. ग्रामसभेत बोलू लागलेल्या, बँकेच्या व्यवस्थापकासमोर खुर्चीवर बसू लागलेल्या स्त्रियांची पिढी या कार्यक्रमाच्या काळात घडली, आणि त्याचे श्रेय सहयोगिनींच्या पायपिटीला आहे. मात्र हे फळ मोजण्याची साधने आणि पैशाचे फळ मोजण्याची साधने एकच मानली गेली, ही कार्यक्रमाच्या मूल्यमापनातील मूलभूत उणीव होय.

गोसीखुर्द : परकीय पैसा नसलेली बाजू

परकीय निधीची चिकित्सा केवळ परकीय निधी पाहून पुरी होत नाही. याच जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण उभे आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. २०१२-१३ च्या दरसूचीनुसार तो १८,४९४ कोटींवर गेला. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून अडीच लाख हेक्टरची सिंचनक्षमता अपेक्षित होती. केंद्राचा वेगवर्धित सिंचन लाभ कार्यक्रम, २००९ मध्ये मिळालेला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा आणि राज्याचे अंदाजपत्रक यांतून हा खर्च झाला. कोणत्याही परकीय बँकेची अट त्यावर नव्हती.

येथे सरदार सरोवराची आठवण अपरिहार्य आहे, कारण त्याच्या बुडिताने आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी गावेही विस्थापित केली. त्या धरणाला जागतिक बँकेने १९८५ मध्ये कर्ज दिले; आंदोलनामुळे बँकेला स्वतंत्र पुनर्विलोकन समिती नेमावी लागली; मोर्स यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनावर कठोर टीका केली; आणि मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षी बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले, जेथे प्रकल्पबाधितांना थेट तक्रार करता येते. नव्वदच्या दशकात मोठ्या धरणांना दिले जाणारे बँकेचे कर्ज रोडावले आणि आंतरराष्ट्रीय निधीचा ओघ बचत गट, पिण्याचे पाणी, संस्थाबांधणी अशा निरुपद्रवी क्षेत्रांकडे अधिक वळला.

परिणाम भंडाऱ्यात स्पष्ट दिसतो. काही हजार रुपयांचे कर्ज घेणाऱ्या बाईच्या वहीची प्रतवारी झाली. गावेच्या गावे बुडवणाऱ्या धरणाच्या बाधितांना मात्र रोम वा वॉशिंग्टनचे सोडाच, दाद मागण्यासाठी रस्ता आणि न्यायालय याखेरीज दार नव्हते. त्यांच्यासाठी सुमारे १,२०० कोटींचे विशेष पॅकेज जाहीर झाले ते २०१३ साली, पायाभरणीनंतर पंचवीस वर्षांनी. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी विलंब व खर्चवाढीवर ताशेरे ओढले, पण तेही पैसा खर्च झाल्यानंतरच. स्वदेशी पैसा म्हणजे लोकांचे नियंत्रण, हे समीकरण गोसीखुर्दच्या बुडितात टिकत नाही. तसेच परकीय पैसा म्हणजे पारदर्शकता, हेही तेजस्विनीत पुरते टिकत नाही. तेथे हिशेब चोख होता, पण तो वर जाणारा होता. कर्जाच्या अटी काय आहेत, ते कोणी व केव्हा फेडावयाचे, हे ज्यांच्या नावाने ते घेतले त्यांना सांगण्याची व्यवस्था कुठेच नव्हती.

प्रकल्प संपल्यानंतर

प्रकल्पाला मुदत असते, गटाला नसते. लोकसंचालित साधन केंद्रे स्वावलंबी व्हावीत, यासाठी गटांकडून सेवाशुल्क, बँकांकडून कर्जवाटपातील मोबदला आणि इतर योजनांची कामे असे उत्पन्नाचे मार्ग आखले गेले. म्हणजे संस्थाबांधणीचा जो खर्च रोमने उचलला होता, तो २०१८ नंतर क्रमाने सभासद स्त्रियांच्या अंगावर आला. जेथे गट दाट व उलाढाल मोठी तेथे हे पेलते; विरळ वस्तीच्या, धानावर अवलंबून असलेल्या तालुक्यात केंद्राला आपला खर्च भागविण्यासाठी अधिक कर्ज वाटण्याचा मोह पडतो. त्यातच २०११ पासून जीवनोन्नती अभियानाची, म्हणजे 'उमेद'ची, ग्रामसंघ-प्रभागसंघाची स्वतंत्र उतरंड उभी राहिली; तिच्या राष्ट्रीय पातळीवरील उभारणीला जागतिक बँकेचे कर्ज होते. दोन परकीय कर्जांतून घडलेल्या दोन यंत्रणा त्याच स्त्रियांच्या दारात आल्या.

२०२० मध्ये इफाडने महाराष्ट्रासाठी पुन्हा ५० दशलक्ष डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि 'नव तेजस्विनी' सुरू झाली. आता भर गट बांधण्यावर नसून उद्योगावर आहे. दरम्यान भारताचे उत्पन्न वाढले. २०१४ मध्ये तो जागतिक बँकेच्या अतिसवलतीच्या कर्जासाठी असलेल्या पात्रतेच्या बाहेर गेला, आणि चाळीस वर्षांच्या पाऊण टक्क्याच्या पैशाचा काळही सरला. मोहाडीच्या विणकर स्त्रीला कोष कोणत्या भावाने मिळतो, साडी कोण विकत घेतो आणि हप्ता कोणत्या महिन्यात पडतो, यावर या नव्या, पूर्वीहून महाग कर्जाचा निकाल लागेल. पहिल्या कर्जाची परतफेड राज्याची तिजोरी २०४५ च्या सुमारास पुरी करील.