स्वस्त खतांचे महाग सल्ले

परसबाग, गच्चीवरची बाग किंवा शाळेच्या आवारातला भाजीचा वाफा यांसाठी 'घरच्या घरी, बिनखर्चाचे सेंद्रिय खत' कसे करावे हे सांगणाऱ्या मजकुराला मराठीत तोटा नाही. पुस्तिका आहेत, वर्तमानपत्रांतली सदरे आहेत, आणि त्यांवरून उतरवलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्याही आहेत. अंड्याची टरफले, केळीच्या साली, चहाचा चोथा, चुलीतली राख, नारळाचा भुसा आणि थोडी निंबोळी पेंड असा ऐवज बहुतेकांत सारखाच असतो. या मजकुराचा हेतू चांगला आहे, याबद्दल आम्हांला शंका नाही. परंतु तो शिक्षकांच्या हातून वर्गात जातो, आणि ज्यांना दहा रुपयेही जपून खर्च करावे लागतात अशा घरांत पोहोचतो. म्हणून तो विज्ञानाच्या कसोटीवर घासून पाहणे भाग आहे.

तुलनेसाठी आम्ही एक जुने पुस्तक समोर ठेवतो. इंदूरच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' या संस्थेचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि तेथील रसायन विभागाचे मुख्य साहाय्यक यशवंत वाड या दोघांनी १९३१ साली 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर' हे पुस्तक प्रसिद्ध केले. 'इंदूर पद्धत' या नावाने जगभर गेलेली कंपोस्टची कृती त्यात आहे. हॉवर्ड यांचे नाव सर्वत्र घेतले जाते, वाड यांचे क्वचितच. मुखपृष्ठावर मात्र दोन्ही नावे आहेत.

काय सांगितले, यापेक्षा कसे सांगितले

या पुस्तकाचा पहिला गुण हा, की त्यातली कृती तपासता येते. खड्डा ३० फूट लांब आणि १४ फूट रुंद घ्यावा. त्यात मिश्र वनस्पतिज कचरा, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती, शेणाचा काला आणि लाकडाची राख यांचे थर द्यावेत. ओल राखावी, हवा खेळती ठेवावी, तीन वेळा उलथापालथ करावी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. प्रत्येक घटक कशासाठी, हेही दिलेले आहे. मूत्र मुरलेल्या मातीतून नत्र मिळते, राख आम्लता मारते, शेणकाल्यातून सूक्ष्मजीव येतात. वाचकाचे खत बिघडले तर कोणत्या पायरीवर बिघडले ते त्याला शोधता येते.

आता आपल्या पुस्तिका पाहा. 'एक भाग ओला कचरा, एक भाग सुका कचरा' हे वाक्य जवळजवळ सर्वांत आढळते. पण हा भाग वजनाचा की आकारमानाचा? या एका प्रश्नावर सगळी कृती डळमळते.

कुजवण्याचे काम करणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या शरीरात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ८ : १ असते. जेवढा कर्ब ते खातात त्यातला सुमारे दोन-तृतीयांश श्वसनात कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. म्हणजे ८ भाग कर्ब अंगी लागावा यासाठी सुमारे २४ भाग हवा. म्हणून कचऱ्याचे कर्ब-नत्र गुणोत्तर सुरुवातीला २५ ते ३० च्या आसपास असावे असे म्हणतात. समजा, वाळक्या पानांत कर्ब ४५ टक्के आणि नत्र ०.९ टक्के आहे (५० : १), आणि भाजीच्या देठा-सालींत, कोरड्या वजनावर, कर्ब ४० टक्के व नत्र २ टक्के (२० : १). दोन्ही एकेक किलो, पण कोरड्या वजनाने घेतले, तर एकूण कर्ब ८५० ग्रॅम आणि नत्र २९ ग्रॅम; गुणोत्तर २९. उत्तम! पण भाजीच्या कचऱ्यात सुमारे ८० टक्के पाणीच असते. म्हणजे एक किलो कोरड्या कचऱ्यासाठी पाच किलो ओला कचरा लागतो. पुस्तिका वाचून एखाद्याने तराजूवर एकेक किलो मोजले, तर पानेच जास्त होतात आणि ढीग महिनोन् महिने तसाच पडून राहतो. दुसऱ्याने एकेक बादली घेतली, तर पाने हलकी असल्यामुळे ओला कचरा फार होतो, हवा कोंडते आणि दुर्गंधी सुटते. दोघांनीही सूचना तंतोतंत पाळली होती. हे गणित आठवीच्या वर्गात सहज करून घेता येईल.

माती न पाहता दिलेले औषध

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या मजकुरात माती कुठेच नसते. महाराष्ट्रभर एकच नुस्खा!

अंड्याच्या टरफलाचे उदाहरण घ्या. टरफलाचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट असतो. तो विरघळायला आम्ल लागते. कोकणातल्या जांभ्या मातीचा सामू ७ च्या खाली असतो; तेथे बारीक केलेली पूड हळूहळू विरघळून उपयोगी पडेल. पण सोलापूरकडच्या काळ्या मातीत बहुधा मुळातच चुनखडी असते आणि सामू ८ च्या आसपास. तेथे टरफले वर्षानुवर्षे तशीच राहतील, आणि समजा विरघळली तरी ज्याची कमतरता नाही तेच मिळेल.

टरफलांनी निदान अपाय होत नाही; राखेचे तसे नाही. राखेत पालाश असते हे खरे, पण ती अल्कधर्मी आहे. जांभ्या मातीत ती औषध ठरते. चुनखडीच्या मातीत ती सामू आणखी वाढवते, आणि लोह पिकाला मिळेनासे होते. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते याचेच लक्षण. मग बागवाला 'खत कमी पडले' असे समजून आणखी राख टाकतो. हॉवर्ड आणि वाड यांनीही राख वापरली होती. पण ती कुजणाऱ्या ढिगातली आम्लता मारण्यासाठी, थेट वाफ्यात नव्हे. आपल्या पुस्तिकांनी पदार्थ उचलला आणि कारण मागे टाकले.

आपली माती कोणती, हे कळायला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. कोरड्या मातीच्या चिमटीवर शाळेतल्या विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब शिक्षकांनी टाकून दाखवावेत. फसफसले तर माती चुनखडीची. हा एका मिनिटाचा प्रयोग पुस्तिकेच्या पहिल्या पानावर असायला हवा.

केळीच्या सालींचे पाणीही असेच. सालींत पालाश भरपूर असते आणि ते पाण्यात उतरते, हे खरेच. पण साल कंपोस्टात टाकली तरी ते मिळतेच. भिजवल्याने त्यात भर पडत नाही, वास आणि चिलटे मात्र वाढतात. शिवाय काळ्या मातीत पालाश सहसा पुरेसे असते. तेथे उणीव जाणवते ती नत्राची आणि सेंद्रिय कर्बाची. नारळाचा भुसा पाणी धरून ठेवतो, पण पोषण जवळजवळ शून्य. त्याला 'खत' म्हणणे म्हणजे रिकाम्या ताटाला जेवण म्हणणे होय.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

'परवडणारे' हा शब्द वापरणाऱ्या मजकुरात हिशेब नसावा, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे. समजा, गांडूळखत २० रुपये किलो आहे आणि त्यात नत्र १ टक्का. एक किलो नत्रासाठी १०० किलो खत, म्हणजे २००० रुपये. निंबोळी पेंड ५० रुपये किलो, नत्र ५ टक्के. २० किलो पुरते, म्हणजे १००० रुपये. किलोमागे अडीचपट महाग दिसणारी वस्तू नत्राच्या हिशेबात निम्म्या किमतीची निघते. भाव आपल्या गावचे घालावेत, रीत तीच राहील. पिशवीवरचे टक्केही वाचावेत. 'खत नियंत्रण आदेश, १९८५' नुसार शहरी कचऱ्याच्या कंपोस्टात किमान ०.८ टक्के नत्र हवे आणि ओलावा १५ ते २५ टक्के असावा. म्हणजे नियमात बसणाऱ्या दहा किलोंच्या पिशवीतही अडीच किलोपर्यंत पाणी असू शकते. याच आदेशात शिसे किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर नसावे अशी मर्यादा आहे. ज्या पिशवीवर काहीच छापलेले नाही, ती स्वस्त मिळाली तरी खायच्या भाजीला घालू नये.

पण नत्राचा हिशेब हा अर्धाच हिशेब आहे. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. त्या मापाने ते दरिद्री ठरेल. मात्र ते माती भुसभुशीत करते, पाणी धरते, गांडुळांना अन्न पुरवते. पेंड हे काम थोडेच करते. पिकाचे अन्न आणि मातीची घडण ही दोन खाती वेगळी मांडली, की निवड सोपी होते. घडणीसाठी फुकटचा पालापाचोळा, शेणखत किंवा लेंडीखत. अन्नासाठी थोडी पेंड. आणि पेंडही परवडत नसेल तर कुंपणाला गिरिपुष्प लावावे. हे शेंगवर्गीय झाड छाटले की पुन्हा फुटते, आणि त्याच्या पाल्यात, कोरड्या वजनावर, तीन टक्क्यांच्या आसपास नत्र असते. त्याला 'उंदीरमारी' असेही म्हणतात. बिया व साल विषारी असल्याने मुलांना तेवढी समज द्यावी. एका फांदीच्या तुकड्यावर उगवणारे हे खत बहुतेक पुस्तिकांत सापडत नाही. बाटलीतली महागडी 'कल्चर्स' मात्र हमखास सापडतात. जुन्या खताच्या एका ओंजळीत सूक्ष्मजीव असतातच. बाटलीमुळे अधिक काय घडले, हे दोन ढीग शेजारी शेजारी ठेवून दाखवल्याशिवाय तिच्यावर पैसे घालवू नयेत.

जुन्या पुस्तकालाही सूट नाही

इंदूरचे पुस्तक जसेच्या तसे घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. ते बैलांच्या गोठ्यासाठी लिहिले आहे. तीन माणसांच्या स्वयंपाकघरासाठी नव्हे. मोठा ढीग स्वतःच्या उष्णतेने तापतो आणि त्यात तणांचे बी व रोगजंतू बऱ्याच अंशी मरतात. एक मीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस मीटर आणि घनफळ १ घनमीटर, म्हणजे गुणोत्तर ६. बाजू ३० सेंटिमीटर घेतली तर हेच गुणोत्तर २० होते, आणि निर्माण झालेली उष्णता लगेच निघून जाते. त्यामुळे बादलीतले खत तापत नाही. त्याला अधिक काळ मुरू द्यावे लागते, आणि त्यात कच्चे शेण घातले असेल तर कच्च्या खायच्या भाज्यांना ते घाईने घालू नये.

शिवाय हॉवर्ड यांचे पुढचे लेखन या पुस्तकाइतके काटेकोर राहिले नाही. १९४० च्या 'अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट'मध्ये मातीच्या आरोग्यापासून पिकांच्या, जनावरांच्या आणि माणसांच्या आरोग्यापर्यंत ते सलग रेषा ओढतात. विचार आकर्षक आहे, पण खड्ड्याच्या मापांइतका पुरावा त्यामागे नाही. आजच्या पुस्तिकांनी उचलला तो नेमका हा सूर. मोजमापाची शिस्त इंदूरलाच राहिली.

मराठीत ती शिस्त नव्हती असे नाही. श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'तून सामान्य शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करावा, नोंदी ठेवाव्यात आणि त्या इतरांना सांगाव्यात, हाच आग्रह धरला होता. शाळेत तेवढे सहज जमेल. नऊ कुंड्या घ्याव्यात: तिघींत नुसती माती, तिघींत टरफलांची पूड, तिघींत मुरलेले कंपोस्ट. माती, पाणी आणि ऊन सारखे. मेथी किंवा मूग मात्र लावू नये. पुस्तिकांना ही पिके फार प्रिय आहेत, पण पहिले काही दिवस रोप बियातल्या साठ्यावरच वाढते, आणि पुढे या शेंगवर्गीय पिकांना मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळू शकते. मग खताचा फरक दिसणार कसा? माठ किंवा मका लावावा, सहा आठवड्यांनी कापून, वाळवून वजन करावे. तिन्ही वजने सारखी आली, तर तेही वहीत लिहावे.

घरच्या खताविषयीची चांगली पुस्तिका आम्ही तिलाच म्हणू, जी आधी वाचकाला त्याची माती तपासायला लावील, प्रमाण वजनात सांगेल, खर्चाचा हिशेब मांडील, आणि कृती फसली तर का फसली ते शोधण्याची वाट दाखवील. अशी पुस्तिका लिहायला फार मोठे संशोधन लागत नाही. एखाद्या शाळेने वर्षभराच्या नोंदी नीट ठेवल्या, तर तिच्या गावापुरती ती तयार झालीच म्हणायची.