एकत्र वाजवायला शिकवणार कोण?

अमरावती-अकोल्यात शास्त्रीय संगीताला आता कुणी विचारत नाही, ही तक्रार मला मान्य नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसतात, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या चढतात, गुरुपौर्णिमेला क्लासचे कार्यक्रम रंगतात. उणीव आहे ती वेगळ्या ठिकाणी. ही मुलं एकेकटी शिकतात आणि एकेकटीच वाजवतात. विशारद झालेल्या व्हायोलिनवादकाला शेजारच्या व्हायोलिनशी स्वर जुळवून, स्वतःचा आवाज थोडा मागे घेऊन वाजवायची वेळ सगळ्या शिक्षणात क्वचितच येते. वृंदवादन नावाची कला वऱ्हाडात जवळजवळ नाहीच, आणि ती नाही याची खंतही फारशी कुणाला नाही.

या कलेसाठी ज्याने आयुष्य वेचलं त्या अँथनी गोन्साल्विसची कारकीर्द म्हणूनच इथल्या संगीतशिक्षकांनी नीट पाहावी असं मला वाटतं. जन्म 1927 चा, दक्षिण गोव्यातल्या माजोर्ड्याचा. वडील गावच्या चर्चमध्ये वाद्य-गायनवृंदाचे प्रमुख. पोर्तुगीज काळापासून गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा असत आणि तिथला मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, गावच्या पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवी. बाराखडीबरोबरच स्वरलेखन डोळ्यांखालून गेलेली ही मुलं पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा झाली, त्याचं मूळ या गावशाळांत आहे. कागदावर लिहिलेलं संगीत पहिल्याच नजरेत वाजवणारे पन्नास जण एका स्टुडिओत मिळतात, कारण त्यामागे पिढ्यांची शिकवणी असते.

गोन्साल्विस 1943 मध्ये नौशादांच्या वाद्यवृंदात आले. पुढे त्यांनी अनेक संगीतकारांसाठी वाद्यमेळ रचला. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी. पण या माणसाचं मन रागसंगीतात गुंतलं होतं. पाश्चात्त्य वाद्यवृंदाची भव्यता आणि रागाची एकरेषी वाटचाल यांना एकत्र नांदवता येईल का, हा त्यांचा ध्यास. ‘सोनाटिना इंडियाना’ आणि सारंग रागावरचा व्हायोलिन-कॉन्चर्टो ही त्यातली फळं. 1958 मध्ये त्यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात मोठ्या वादकसमूहाकडून या रचना वाजवून घेतल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. गोव्याचे वाचून वाजवणारे वादक आणि हिंदुस्थानी गळ्याचे गायक एका रचनाकाराच्या हाताखाली आले, हे त्या काळात फार मोठं धाडस होतं.

धाडस टिकलं नाही. 1965 मध्ये ते अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले, आणि परतल्यावर चित्रपटसृष्टीत न जाता माजोर्ड्यात राहिले. 2012 मध्ये तिथेच गेले. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात प्यारेलालनी गुरूचं नाव गुंफलं. सगळ्या देशाला ते नाव पाठ झालं, त्या नावाचा माणूस मात्र माहीत झाला नाही. चित्रपटसमीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, हे मराठी समीक्षेच्या खात्यावरचं एक चांगलं काम.

त्यांचा वृंद का टिकला नाही? रचना कमी पडल्या असं मला वाटत नाही. वादकाला दिवसा स्टुडिओत रोजचे पैसे मिळत. सारंगातल्या कॉन्चर्टोच्या तालमीचे पैसे कोण देणार? मेहली मेहतांनी 1935 मध्ये स्थापन केलेली बॉम्बे सिम्फनीही पुढे टिकली नाही. 2006 मध्ये मुंबईच्या एनसीपीएने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभी केली तेव्हा कझाकस्तानहून वादक आणावे लागले, कारण आपल्याकडे पुरेसे घडवलेलेच नव्हते. याउलट 1952 मध्ये दिल्ली आकाशवाणीवर रविशंकर आणि टी. के. जयराम अय्यर यांनी ‘वाद्यवृंद’ उभा केला, त्याला सरकारी पगाराचा आधार होता, म्हणून तो चालला. तिथली कलात्मक अडचण मात्र खरी होती. सगळ्या वाद्यांनी एकच सुरावट धरली की मींड बोथट होते, आणि स्वरसंवाद घातला की रागाचं अंग हरवतं. या पेचाशी गोन्साल्विसांनी प्रामाणिक झुंज दिली, त्यांचं मोठेपण मला तिथे दिसतं.

संगीतासाठी पैसा आणि संस्था उभी करणारा मराठी माणूस म्हणजे विष्णू दिगंबर पलुसकर. 1901 मध्ये लाहोरला आणि 1908 मध्ये मुंबईला गांधर्व महाविद्यालय, स्वरलिपीची पुस्तकं छापायला छापखाना, वाद्यं दुरुस्त करायला कारखाना, तिकीट लावून जलसे. मुंबईची वास्तू कर्जात गेली, पण पद्धत राहिली. 1931 मध्ये ते गेल्यावर शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं आणि आज वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावीही परीक्षा होते ती त्यामुळे. त्या पद्धतीत एकट्या विद्यार्थ्याला तावून घेण्याची ताकद होती. समूह घडवण्याची जागा मात्र ती पुरेशी देऊ शकली नाही.

आणि समूहाची गोष्ट निघाली तर यावलीच्या तुकडोजी महाराजांना वगळून चालणार नाही. खंजिरी हातात, मागे कोरस, समोर हजारो माणसं. कुणाला लिपी येत नाही, तरी सगळे एका ठेक्यावर येतात, ध्रुवपद उचलतात आणि महाराजांच्या खंजिरीच्या एका थापेवर थांबतात. लय, श्वास आणि थांबा हे सगळं एका माणसाच्या हातातून शंभरांच्या अंगात उतरवणं, ही संचालकाचीच कला. शिवाय 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज, पुढे गुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखा. 1968 मध्ये महाराज गेले तरी सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी ठरल्या वेळी सुरू होते, कारण ती चालवणारी माणसं त्यांनी घडवून ठेवली.

अमरावती विद्यापीठाच्या युवक महोत्सवात ‘लोकवाद्यवृंद’ ही स्पर्धा असते. ढोलकी, डफ, संबळ, बासरी, हार्मोनियम घेऊन महाविद्यालयाची मुलं काही दिवस तालीम करतात, एकमेकांचं ऐकायला शिकतात, आणि महोत्सव संपला की वाद्यं परत खोलीत जातात. ती तालीम वर्षभर चालवायची तर एक संचालक, पंधरा-वीस वादक आणि महिन्याला थोडं मानधन एवढंच लागेल. विद्यापीठाने आणि अकोल्या-अमरावतीच्या संगीत महाविद्यालयांनी हे एकत्र करावं. बसवायला सारंग घ्यावा, त्याचं अंग सांभाळणारी नवी रचना इथल्याच शिक्षकाकडून लिहून घ्यावी, आणि खंजिरीला त्यात मागच्या रांगेत न ठेवता मधोमध बसवावं.