शेवटच्या दिवशी औषध शून्य का होतं?

ऑप्टिमल कंट्रोल शिकायला घेतलं की एचआयव्हीचं मॉडेल भेटतंच. किर्शनर, लेनहार्ट आणि सर्बिन यांचा १९९७ चा पेपर त्यातला गाजलेला. लेनहार्ट आणि वर्कमन यांच्या २००७ च्या पाठ्यपुस्तकामुळे असं मॉडेल वर्गातही पोचलं.

मांडणी सुबक आहे. निरोगी टी पेशी, बाधित पेशी आणि विषाणू यांची समीकरणं घ्यायची. औषधाची तीव्रता हे कंट्रोल, ० ते १ मधलं. टी पेशी वाढवायच्या आणि औषधाचा 'खर्च', म्हणजे मुख्यतः दुष्परिणाम, कमी ठेवायचा. पॉन्त्र्यागिनचं तत्त्व लावलं की उत्तर येतं: सुरुवातीला जोरात औषध, मग उतार, शेवटच्या दिवशी शून्य.

माझा आक्षेप या शून्याच्या वाचनावर आहे. ते विषाणूमुळे आलेलं नाही. ध्येयात अंतिम वेळेनंतरच्या टी पेशींना काहीच किंमत नाही. म्हणून अ‍ॅडजॉइंट चलं त्या क्षणी शून्य होतात आणि त्यांच्यासोबत औषधही. ठेक्यानं शेत घेतलेला माणूस शेवटच्या वर्षी शेणखत टाकत नाही, तसंच हे. कालावधी दुप्पट करा, शून्य तिकडे सरकेल.

लेखकांवर अन्याय नको. तेव्हाची औषधं जड होती, विषाणू त्यांना लवकर दाद देईनासा व्हायचा; मर्यादित काळाचा उपचार गृहीत धरणं समजण्यासारखं होतं. पण सुप्त पेशींत विषाणू वर्षानुवर्षं टिकतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्मार्ट चाचणीत ५,४७२ रुग्ण होते. सीडी४ पेशी ३५० च्या वर गेल्या की औषध थांबवायचं, २५० च्या खाली आल्या की सुरू करायचं, अशा गटात गंभीर आजार आणि मृत्यू जास्त झाले. ती या मॉडेलची परीक्षा नव्हती, पण औषध थांबवण्याची किंमत त्यातून दिसली.

आता हे मॉडेल उमरेडला आणा. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून मिळते. २०१७ पासून सीडी४ कितीही असो, उपचार लगेच सुरू करायचे असं धोरण आहे. सध्याच्या नेहमीच्या उपचारात तीन औषधांची मिळून रोज एक गोळी. ती ०.३७ एवढी कोण घेणार? गोळी घेतली किंवा चुकली, एवढंच. आणि एखाद्याला नागपूरच्या मेडिकलला जायचं असेल, तर सुमारे ४५ किलोमीटरचा प्रवास आणि बुडालेली मजुरी हाही खर्च आहे. समीकरणातल्या 'खर्चा'त तो कुठंच नाही.

म्हणून असा पेपर हातात घेतलात तर आधी तीन प्रयोग करा. अंतिम वेळ बदला. शेवटी उरलेल्या टी पेशींना किंमत द्या. कंट्रोल ० किंवा १ एवढंच ठेवून काही गोळ्या यादृच्छिकपणे चुकवा. त्यानंतरही जो निष्कर्ष टिकेल, तोच डॉक्टरांसमोर न्या.