अनेकपट्टी घटक आणि वर्णपटाची काटकसर

बिनतारी दळणवळणाविषयीच्या तांत्रिक लेखनात एक समजूत वारंवार आढळते. एकाच अँटेनात, फिल्टरात वा विवर्धकात जितके अधिक कंप्रता-पट्टे सामावतील तितका रेडिओ-वर्णपटाचा उपयोग अधिक कार्यक्षम होईल, असे तीत गृहीत धरलेले असते. ही समजूत अर्धसत्य आहे. आणि तिची परीक्षा करावयास मावळासारखा अनुकूल प्रदेश क्वचितच सापडेल.

लोणावळ्याहून पूर्वेस जाणारा लोहमार्ग इंद्रायणीच्या खोऱ्यातून जातो. लोहगड-विसापूरच्या रांगेपलीकडे पवनेचे खोरे आहे. अलीकडच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरीस पलीकडच्या गावी पोहोचावयाचे तर डोंगराच्या धारेवरून वाकावे लागते. सारख्या लाभांकाचे अँटेना वापरले, तरी 700 मेगॅहर्ट्झच्या तुलनेने 3500 मेगॅहर्ट्झच्या लहरीस मोकळ्या अवकाशातच 14 डेसिबेल अधिक तूट येते. धारेच्या गडद छायेत विवर्तनामुळे तीत आणखी सुमारे 7 डेसिबेलांची भर पडते. 21 डेसिबेल म्हणजे शक्तीच्या हिशेबाने सव्वाशेपट. उलट, सुट्टीच्या दिवशी लोणावळ्यात लोटणाऱ्या गर्दीस उच्च पट्ट्यांतील रुंद वाटाच उपयोगी पडतात. तेव्हा दोन्ही पट्टे हाताळणारा घटक हवा, हे म्हणणे येथवर बिनतोड आहे.

अडचण उद्भवते ती हे पट्टे एकाच वेळी वापरू गेल्यावर. 1800 च्या पट्ट्यात फोनकडून मनोऱ्याकडे जाणारे प्रेषण 1710 ते 1785 मेगॅहर्ट्झ ह्या मर्यादेत होते. कोणताही विवर्धक पूर्णतः रेषीय नसल्यामुळे त्यातून मूळ कंप्रतेच्या दुपटीचा क्षीण अंशही बाहेर पडतो. तो 3420 ते 3570 मध्ये, म्हणजे 2022 च्या लिलावात विकल्या गेलेल्या 3300 ते 3670 च्या पट्ट्याच्या ऐन मध्यभागी येतो. अशा वेळी फोन स्वतःच्याच बोलण्याने स्वतःचे कान बधिर करून घेतो. पट्टे दोन झाले. ग्रहणक्षमता मात्र घटली. ह्यावरून घटकाचे मोल पट्ट्यांच्या संख्येवर नसून त्याच्या रेषीयतेवर आणि फिल्टरच्या तीक्ष्णतेवर ठरते, हे उघड होते.

ह्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, ह्या विवेकाचे उत्तम उदाहरण आहे. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांवर आरंभी 233 व 610 मेगॅहर्ट्झ ह्या दोन कंप्रतांसाठी एकच समाक्ष ग्राहक-अंग बसविलेले होते. पुढे दुर्बिणीचे नूतनीकरण झाले आणि एका वेळी पाहता येणारी पट्टारुंदी 32 वरून 400 मेगॅहर्ट्झपर्यंत वाढली. तरीही 550 ते 850 आणि 1050 ते 1450 ह्या दोन पट्ट्यांच्या दरम्यान मोकळी जागा राहिली आहे, आणि मोबाइलचा 900 चा पट्टा नेमका तेथेच पडतो. काय घ्यावयाचे ह्याबरोबरच काय सोडावयाचे, हेही रचनाकाराने ठरवावयाचे असते.

शिवाय, घटक कितीही निर्दोष असला तरी पट्टा वापरात नसेल तर तो निरुपयोगीच. 700 मेगॅहर्ट्झच्या पट्ट्यास 2016 आणि 2021 च्या लिलावांत एकही बोली आली नाही. राखीव किंमत उतरविल्यानंतर 2022 मध्ये तो प्रथम विकला गेला. पवनेच्या खोऱ्यासारख्या प्रदेशांस जो पट्टा सर्वांत सोयीचा, तोच इतकी वर्षे रिकामा पडून होता. ही उधळपट्टी कोणत्याही फिल्टरने थांबली नसती.

तात्पर्य, अनेकपट्टी घटकांवरील संशोधनाने "किती पट्टे?" ह्या प्रश्नाऐवजी "एकाच वेळी, एकाच ठिकाणी, स्वतःस व शेजाऱ्यास उपद्रव न देता किती पट्टे?" हा प्रश्न पुढे ठेवावयास हवा. प्रयोगशाळेतील आलेखाबरोबर लोहगडाच्या छायेतील मोजमाप ज्या प्रबंधात असेल, त्याचाच कार्यक्षमतेचा दावा ग्राह्य धरावा.