चार अक्षरांची अकरा घरे

मोबाईलवरच्या संदेशांनी मुलांची मराठी बुडविली, अशी हाकाटी आमच्या पेडणे महालातल्या शिक्षकसभांतून वारंवार ऐकू येते. रोग खरा आहे. निदान मात्र मला पटत नाही.

भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी २००८ साली या विषयावर पुस्तक लिहून मुलांची बाजू घेतली. शब्द तोडून लिहायचा तर तो मुळात कसा लिहितात हे ठाऊक असावे लागते, हा त्यांचा मुद्दा. इंग्रजीपुरता तो मान्य. आमचे विद्यार्थी शब्द तोडीत नाहीत, लिपीच सोडतात. बी, ए, एल या तीन अक्षरांत बल, बळ, बाल आणि बाळ असे चौघेही नांदतात. ऱ्हस्वदीर्घ चुकण्याचा प्रश्नच नाही. ते लिहिलेच जात नाहीत. त्यातून आपली घरे दुभाषी. वाय, ई, टी, ए एवढाच संदेश आला, तर कोणी कोकणीत 'मी येतो' म्हणून कळविले की मराठीत 'तुम्ही येता?' असे विचारले, हे पाठविणाऱ्याचे नाव पाहून ठरवावे लागते.

याला केवळ आळस म्हणणे अन्यायाचे होईल. जुन्या संदेशसेवेत एका संदेशात इंग्रजीची १६० चिन्हे मावत, देवनागरीची अवघी ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांची मोजणी स्वतंत्र. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, यंत्राच्या हिशेबी तो अकरा घरे अडवितो. संदेशागणिक पैसे मोजणाऱ्या पोराने स्वस्तातली लिपी उचलली. (त्याच्या बापानेही तेच केले, हे सभेत कोणी बोलत नाही.)

रोमी लिपीलाही मी आरोपी करणार नाही. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली आपल्याच सासष्टीत, राशोलला, रोमी अक्षरांत छापले गेले, आणि ते आहे मराठी ओवीत! ट, ण, ळ वेगळे दाखविण्यासाठी व्यंजन जोडीने लिहिण्याची रीत त्या परंपरेने घालून दिली. परक्या लिपीतही मराठीचा उच्चार सांभाळण्याची ही केवढी दक्षता! आजच्या संदेशात लिपी तीच, रीत मात्र कोणतीच नाही.

आता चिन्हांची ती अडचण सरली, देवनागरी कळफलकही फुकट मिळतो. पण त्यावरही बरीच मुले रोमीतच टंकतात; यंत्र पानी, पाणी असे पर्याय पुढे करते आणि मूल त्यातला एक निवडते. शब्द ओळखणे आणि कोऱ्या कागदावर तो स्वतः उतरविणे, यांत फार अंतर आहे. नववीच्या वह्या तपासताना मला सर्वांत खुपतो तो ळ. आमच्या बोलीत तो कसा ठसठशीत आहे! खळे, मळा, कुळागर म्हणताना एकाही मुलाची जीभ अडखळत नाही. वहीत मात्र त्याच मुलाचे कुळागर 'कुलागर' होऊन बसते.