पंकच्या आधीचा पंक? एका दाव्याची तपासणी

सिनॉप्सिसमध्ये ‘आद्य’, ‘सर्वप्रथम’, ‘उपेक्षित’ असे शब्द लिहिताना आपल्याला फार बरं वाटतं. दुर्मिळ रेकॉर्ड्सच्या मागे लागलेल्या रॉकवेड्यांनाही असंच वाटतं. म्हणून आज ‘अ बँड कॉल्ड डेथ’ हा २०१२ चा माहितीपट घेऊ. पंक किंवा मेटल तुम्ही ऐकत नसाल तरी चालेल.

गोष्ट थोडक्यात अशी. डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी हे डेट्रॉइटमधले तीन कृष्णवर्णीय भाऊ. शहर मोटाउनचं, त्यामुळे त्यांनी सोल किंवा फंक वाजवावं ही आजूबाजूच्यांची अपेक्षा. हे मात्र वाजवत होते भरधाव, कर्कश रॉक. बँडचं नाव ‘डेथ’. १९७५ मध्ये त्यांनी सात गाणी रेकॉर्ड केली. संगीत व्यवसायातलं बडं प्रस्थ असलेल्या क्लाइव्ह डेव्हिसकडून नाव बदलण्याची सूचना आली, ती डेव्हिडने धुडकावली. १९७६ मध्ये भावांनी स्वतःच एका सिंगलच्या ५०० प्रती काढल्या. पुढे बँड मोडला आणि डेव्हिड २००० मध्ये वारला. नंतर संग्राहकांना ती सिंगल सापडली, चर्चा वाढली आणि २००९ मध्ये ‘ड्रॅग सिटी’ने त्या गाण्यांचा अल्बम काढला. बॉबीच्या मुलांना वडिलांच्या या बँडचा पत्ता लागला तोही बाहेरूनच!

भाऊ बोलतात तोवर माहितीपट उत्तम आहे. विशेषतः डेव्हिडचा हट्ट, आणि त्या हट्टाची किंमत मोजूनही त्याच्यावर माया करणारे दोघे भाऊ. घोळ होतो तो नामवंत चाहते बोलायला लागल्यावर. हे लोक पंकच्या आधीचे पंक, असा एकच सूर लागतो.

आता हा दावा तपासून बघा. पहिला प्रश्न शब्दाचा. ‘पंक’ हा शब्द १९७१ मध्ये डेट्रॉइटच्याच ‘क्रीम’ मासिकात रॉकबद्दल छापून आला होता, आणि १९७२ च्या ‘नगेट्स’ या संकलनात लेनी के यांनीही तो साठच्या दशकातल्या विस्मृत बँड्सना लावला. म्हणजे शब्द हवेत होता, पण हॅकनी बंधू स्वतःला रॉक अँड रोलवालेच म्हणवत. आपण त्यांना दिलेलं नाव त्यांच्या तोंडी घालायचं का? दुसरा प्रश्न क्रमाचा. त्याच परिसरातल्या एमसी५ आणि स्टूजेस यांचे पहिले अल्बम १९६९ चे आहेत. तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: जी गाणी तीसेक वर्षं जवळपास कोणी ऐकलीच नाहीत, त्यांच्यापासून पुढचं काही सुरू झालं असं कसं म्हणणार? आधी घडणं आणि कारण असणं यातली गल्लत मराठीतही चालते. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) पहिली कादंबरी की नाही यावर पानंच्या पानं खर्ची पडतात, आणि ती कोणी, कशी वाचली हे राहूनच जातं.

याचा अर्थ संग्राहक चुकले असा घेऊ नका. त्यांचं वेड नसतं तर आपल्याकडे चर्चेला सामग्रीच नसती. विद्यापीठांनी किंवा मोठ्या कंपन्यांनी ही सिंगल जपली नव्हती. पण वेडाने जमवलेला संग्रह वाचताना, त्या वेडाने काय वगळलं हेही बघावं लागतं. हेच भाऊ व्हरमाँटला गेल्यावर ‘द फोर्थ मूव्हमेंट’ नावाने गॉस्पेल रॉक वाजवत होते, त्याच्या रेकॉर्ड्सही निघाल्या. त्याही दुर्मिळच. त्यांच्यामागे मात्र एवढी धावपळ झालेली दिसत नाही, कारण त्या नंतरच्या पंकसारख्या वाजत नाहीत. शिवाय डेथच्या टेप्स डेव्हिडने जपल्या आणि बॉबीकडे सोपवल्या, म्हणून त्या आपल्यापर्यंत पोहोचल्या. ज्यांच्या टेप्स उरल्याच नाहीत ते बँड या कथेत येणार कुठून?

मला विचाराल तर डेथवर सिनॉप्सिस लिहायचा असेल तर ‘पहिले कोण’ सोडा. तीन काळ्या मुलांनी रॉक वाजवणं १९७५ च्या डेट्रॉइटमध्ये कोणकोणत्या टेबलांवर अडलं, हे शोधा. कंपनी, रेडिओ, शेजार, चर्च. याला कागदपत्रं मिळू शकतात, मुलाखतीही.

आणि माहितीपट बघाल तेव्हा घड्याळ जवळ ठेवा. ‘फोर्थ मूव्हमेंट’ला किती मिनिटं मिळतात आणि चाहत्यांच्या कौतुकाला किती, ते वहीत लिहून ठेवा.